सूर्याला काचेवर उतरवणारे वॉरन डे ला रू

सूर्याचे छायाचित्र काढणाऱ्या हौशी मंडळींची एक तक्रार ठरलेली असते. सूर्यावरचे डाग दिसतात, पण कडा थरथरलेली येते. ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे आणि तिच्यावर मात करणारे वॉरन डे ला रू हेही पेशाने खगोलशास्त्रज्ञ नव्हते.

त्यांचा जन्म १८१५ मध्ये ग्वेर्नसी बेटावर झाला. वडिलांचा लंडनमध्ये कागद आणि छपाईचा कारखाना होता. १८५५ पासून हिंदुस्थानची टपाल तिकिटेही तिथे छापली जाऊ लागली. वॉरन यांनी लिफाफे घडी घालणारे यंत्र विकसित केले आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात ते मांडले. त्याच प्रदर्शनात बाँड आणि व्हिपल या अमेरिकनांनी काढलेले चंद्राचे छायाचित्र त्यांनी पाहिले आणि ते झपाटले गेले.

पण त्यांनी नुसती नक्कल केली नाही. बाँड आणि व्हिपल यांनी चांदीचा मुलामा दिलेला पत्रा वापरला होता. डे ला रू यांनी त्याऐवजी कलोडियन लावलेली ओली काच घेतली, कारण तिच्यावर प्रतिमा लवकर उमटे. मात्र चंद्र आकाशात सरकतो आणि त्यांची दुर्बीण हाताने फिरवावी लागे. चित्रे मनासारखी येईनात, तेव्हा त्यांनी काम थांबवले. १८५७ मध्ये दुर्बिणीला घड्याळाची यंत्रणा बसवल्यावरच ते नव्याने सुरू केले.

सूर्याचा प्रश्न नेमका उलटा होता. तिथे प्रकाश कमी नव्हे, तर फार जास्त होता. फिझो आणि फूको यांनी १८४५ मध्ये पॅरिसला क्षणार्धात सूर्याची प्रतिमा घेऊन दाखवली होती. डे ला रू यांनी क्यू वेधशाळेसाठी खास सूर्याचा कॅमेरा तयार करवून घेतला. त्यात स्प्रिंगच्या जोरावर एक अरुंद फट प्रतिमेवरून झर्रकन सरके. त्यामुळे हवेच्या थरथरीला चित्र बिघडवण्याइतका वेळच मिळत नसे. डोळ्याला प्रतिमा जिथे रेखीव दिसते, तिथेच ती काचेवर रेखीव येते असेही नाही, कारण ते रसायन निळ्या-जांभळ्या प्रकाशाला जास्त दाद देई. योग्य जागा चाचण्या घेऊनच शोधावी लागे.

खरी कसोटी १८ जुलै १८६० रोजी लागली. खग्रास ग्रहणात काळ्या चंद्राभोवती दिसणाऱ्या तांबड्या ज्वाला सूर्याच्या की चंद्राच्या, यावर वाद होता. डे ला रू आपला कॅमेरा घेऊन उत्तर स्पेनमधल्या रिवाबेलोसा गावी गेले. हाती जेमतेम तीन मिनिटे होती. तेवढ्यात त्यांनी खग्रास अवस्थेच्या दोन काचा घेतल्या. चंद्र पुढे सरकला, तशा एका बाजूच्या ज्वाला झाकल्या गेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या उघड्या पडल्या. सुमारे ४०० किलोमीटरवरून अँजेलो सेक्की यांनी घेतलेल्या चित्रांतही त्याच ज्वाला होत्या. दोन्ही ताडून पाहिल्यावर त्या सूर्याच्याच असल्याचे सिद्ध झाले.

पुढे १८६२ ते १८७२ अशी दहा वर्षे क्यू येथे सूर्याच्या छायाचित्रांची नियमित नोंद ठेवली गेली. नंतर हे काम ग्रीनिचने उचलले. तिथे ढग असत त्या दिवसांची उणीव भरून काढायला १८७८ पासून डेहराडूनची चित्रे उपयोगी पडली. डे ला रू १८८९ मध्ये वारले.

आज सूर्याचे फोटो काढणाऱ्यांनाही हीच वाट उपयोगी आहे. चांगल्या छायाचित्रकाराचे चित्र समोर ठेवावे, त्याने उघडझापेचा वेळ किती ठेवला आणि फोकस कसा साधला ते पाहावे. त्याच दिवशीचे वेधशाळेचे चित्र आपल्या चित्राशी ताडून पाहावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हवा क्षणभर स्थिर होते तो क्षण हाती लागावा म्हणून एकाऐवजी शेकडो चौकटी घ्याव्यात आणि त्यांतल्या रेखीव तेवढ्या निवडाव्यात.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र प्रयोग नको. सूर्यासाठी बनवलेला फिल्टर दुर्बिणीच्या किंवा लेन्सच्या पुढच्या तोंडावरच घट्ट बसवावा, डोळ्याकडच्या बाजूला नव्हे. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म चालत नाही. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे इजा होताना ती कळत नाही आणि गेलेली नजर परत येईलच याची खात्री नसते.