श्वेतपेशींना लगाम घालणारे सुब्बाराव

हैदराबाद हे आज देशातील औषधनिर्मितीचे एक प्रमुख केंद्र आहे. १९६०च्या दशकात ‘इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स’ या सरकारी कंपनीचा कारखाना तेथे उभा राहिला आणि पुढे शहराभोवती औषधकारखान्यांचा मोठा विस्तार झाला. मात्र या शहराला औषधांची नगरी म्हणून लौकिक मिळण्यापूर्वीच एका तेलुगू वैद्याने सातासमुद्रापलीकडे राहून जगाला अनेक मौल्यवान औषधे मिळवून दिली होती. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्यांचे नाव. त्यांच्या कार्याचा एक धागा थेट हिरड्यांच्या विकारापर्यंत पोहोचतो. तो पाहण्यासाठी मात्र ते हयात राहिले नाहीत.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी गोदावरीच्या खोऱ्यातील भीमावरम येथे झाला. हा भाग तेव्हा मद्रास इलाख्यात होता. घरची परिस्थिती ओढगस्तीची आणि मुलाचा ओढा संन्यासाकडे. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. रामकृष्ण मिशनमध्ये जाण्याची त्यांची इच्छा होती; परंतु वैद्यक शिकून लोकसेवा करावी, असा सल्ला मिळाल्याने ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा वापरला. इंग्रज प्राध्यापकाला ते रुचले नाही आणि सुब्बारावांच्या पदरी पूर्ण पदवीऐवजी कनिष्ठ दर्जाची एल. एम. एस. पडली. याच काळात संग्रहणीने त्यांचे दोन भाऊ अल्पावधीत दगावले. त्या रोगावर उपाय शोधण्याची ओढ त्यांना आयुष्यभर राहिली.

१९२२च्या ऑक्टोबरमध्ये ते बोस्टनला पोहोचले. गर्भवती पत्नी शेषगिरी मायदेशी होत्या. पुढे जन्मलेला मुलगा तान्हेपणीच गेला. पित्याला त्याचे मुखही पाहता आले नाही. रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करीत सुब्बारावांनी हार्वर्डमध्ये शिक्षण घेतले. सायरस फिस्क यांच्यासह त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत १९२५ मध्ये सिद्ध केली. पाठोपाठ फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी ही द्रव्ये त्यांच्या हाती लागली. पेशीची ऊर्जा ज्या नाण्यात मोजली जाते, ते हे एटीपी. तरीही हार्वर्डने त्यांना कायमची प्राध्यापकी दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळील लेडर्ली प्रयोगशाळेत गेले आणि तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

तेथील आठ वर्षे विलक्षण फलदायी ठरली. १९४५ मध्ये त्यांच्या चमूने फोलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. नव्या रक्तपेशी घडण्यासाठी ते अत्यावश्यक असते. भावांचा बळी घेणाऱ्या संग्रहणीवर ते गुणकारी ठरले. मग याच आम्लाच्या रेणूत थोडा फेरफार करून अमिनोप्टेरिन घडवण्यात आले. ते पेशींची वाढ रोखते. रक्ताच्या कर्करोगात अपक्व श्वेतपेशी बेसुमार वाढतात. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना हे औषध दिले, तेव्हा काहींचा रोग तात्पुरता का होईना मागे हटला. हत्तीरोगावरील डायएथिलकार्बामाझिनही याच प्रयोगशाळेतले. सुब्बारावांच्या मार्गदर्शनाखाली बेंजामिन डगर यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून ऑरिओमायसिन मिळवले. टेट्रासायक्लिन कुळातील हे पहिले प्रतिजैविक १९४८ मध्ये जगापुढे आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झोपेतच सुब्बारावांचे निधन झाले. वय होते अवघे ५३.

ऑरिओमायसिनची कथा तेथे संपली नाही. ती कळण्यासाठी हिरडीत काय घडते, हे पाहिले पाहिजे. दात आणि हिरडी यांच्यामधल्या बारीक फटीत जंतूंचा थर साचतो. त्यांना रोखण्यासाठी रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशी तेथे येऊन जणू भिंतच उभी करतात. ज्यांच्या शरीरात या पेशी जन्मतःच अपुऱ्या किंवा दुबळ्या असतात, त्यांचे दात कोवळ्या वयात हलू लागतात. यावरून या पहारेकऱ्यांचे मोल कळते. परंतु जंतूंचा थर हटलाच नाही, तर पहारा लांबतो. पेशींमधून कोलॅजिनेज हे विकर झिरपत राहते आणि हिरडीला दाताशी बांधून ठेवणारे तंतू विरघळू लागतात. दुसऱ्या श्वेतपेशींच्या इशाऱ्याने हाड खाणाऱ्या पेशीही जाग्या होतात. पायोरियात दात पडतो, तो केवळ जंतूंमुळे नव्हे. रक्षकांचा आवेश आवरला न गेल्यानेही पडतो.

१९८०च्या दशकात अमेरिकेतील लॉर्न गोलब यांनी दाखवून दिले, की टेट्रासायक्लिन कुळातील औषधे जंतू मारण्याखेरीज हे विकरही रोखतात. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या मधुमेही उंदरांच्या हिरड्यांतही हा परिणाम दिसला, तेव्हा तो जंतुनाशक गुणाचा नव्हे, हे स्पष्ट झाले. १९९८ मध्ये अमेरिकेत याच कुळातील डॉक्सिसायक्लिनच्या २० मिलिग्रॅमच्या गोळीला पायोरियासाठी मान्यता मिळाली. ही मात्रा जंतू मारण्याइतकी नसते; श्वेतपेशींच्या विकराला लगाम घालण्यापुरतीच असते. ती दंतवैद्याच्या सल्ल्यानेच घ्यायची असते आणि दातांची सफाई तिच्याआधी यावी लागते.

सुब्बारावांच्या तीन देणग्या अशा एकाच पेशीभोवती फिरतात: फोलिक आम्ल तिला घडवते, अमिनोप्टेरिन तिची बेसुमार वाढ रोखते आणि ऑरिओमायसिनचे कूळ तिच्या हातातील शस्त्र आवरते. त्यांना नोबेल मिळाले नाही, मायदेशी परतणे झाले नाही, शेषगिरींची पुन्हा भेटही झाली नाही. सकाळी दात घासताना ब्रशवर रक्त दिसले, तर हिरडीत लढाई सुरू झाली आहे, हे ओळखावे. ती वेळीच थांबवण्याचे एक साधन भीमावरमच्या या माणसाच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या वाटेवर सापडले, याचीही आठवण ठेवावी.