विश्लेषण : अहिल्यादेवींच्या रुपयावर बेलपान का होते?

नाणे पाडणे ही राजसत्तेची जाहीर खूण मानली जाई. शिवाजी महाराजांनी १६७४च्या राज्याभिषेकानंतर स्वतःच्या नावाचे होन आणि शिवराई पाडल्या. शंभर वर्षांनी अहिल्यादेवी होळकरांच्या रुपयावर मात्र त्यांचे नाव नव्हते.

राज्य कसे आले?

अहिल्यादेवींचा जन्म १७२५ मध्ये चौंडीत झाला. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात मारले गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव वारले. वारस नाही, हे पाहून होळकरांची दौलत ताब्यात घेण्याच्या हालचाली सुरू झाल्या. त्या अहिल्यादेवींनी हाणून पाडल्या. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे देऊन त्यांनी १७९५ मध्ये निधन होईपर्यंत महेश्वरहून कारभार केला.

रुपयावर काय होते?

फारसी मजकूर आणि दिल्लीचा बादशहा शाह आलम दुसरा याचे नाव. बादशहाची सत्ता नावापुरती उरली होती. पण त्याच्या नावाचा रुपया सराफ आणि व्यापारी ओळखत. त्या मजकुराबरोबरच शिवलिंग आणि बेलपान उमटवलेले असे.

त्याचा अर्थ काय?

राज्य शंकराचे, आपण फक्त सांभाळणारे, अशी अहिल्यादेवींची भूमिका होती. त्यांचे हुकूमही श्रीशंकराच्या नावाने निघत. म्हणजे बादशहाचे नाव बाजारासाठी होते. रुपया कोणाच्या राज्यातला, हे बेलपान सांगत असे. फारसी न येणाऱ्यालाही ते कळत असे.