रेव्हरंड नारायण वामन टिळक

कविवर्य टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी एका ब्राह्मण कुटुंबात झाला. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्तेष्ट अंतरले. पत्नी लक्ष्मीबाईही काही काळ दुरावल्या व १९०० साली त्यांनी तोच धर्म स्वीकारला. त्या काळी धर्मांतर केलेला मनुष्य आपला राहिला नाही असे स्वकीय मानीत, आणि साहेबी चालीरीतींचा मोह कित्येक नवख्रिस्ती जनांस पडे. टिळक दोहोंसही वश झाले नाहीत. आपण ख्रिस्ती आहो व महाराष्ट्रीयही आहो, ही त्यांची दृढ भावना होती. म्हणूनच त्यांनी आपली भक्ती अभंगांतून व ओव्यांतून गाइली आणि ख्रिस्ती कीर्तने केली. बालकवी ठोमरे हे हिंदू तरुण अहमदनगरास त्यांच्या बिऱ्हाडी घरच्या मुलासारखे राहिले. १९१९ साली टिळक निवर्तले.

विद्यार्थीमित्रहो, आपल्या लोणावळ्यात नाना धर्मांचे लोक शेजारी नांदतात. आपण कोण, हे ज्यास नि:शंक ठाऊक असते, त्यास शेजाऱ्यापुढे लाजावे लागत नाही व ताठाही मिरवावा लागत नाही, हा या चरित्राचा बोध होय.