रॉल्फ सिव्हर्ट

रॉल्फ मॅक्सिमिलियन सिव्हर्ट (६ मे १८९६ – ३ ऑक्टोबर १९६६) हे स्वीडिश वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होते. किरणोत्सर्गी द्रव्यापासून शरीरापर्यंत नेमके किती किरण पोहोचतात, हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता.

जीवन

सिव्हर्ट यांचा जन्म स्टॉकहोम येथे झाला. त्यांचे वडील मॅक्स सिव्हर्ट हे जर्मनीतून स्वीडनमध्ये येऊन विजेच्या केबलचा कारखाना उभारणारे उद्योजक होते. रॉल्फ यांनी मात्र भौतिकशास्त्राची वाट धरली. १९२४ ते १९३७ या काळात ते स्टॉकहोममधील रेडियमहेमेट या कर्करोग रुग्णालयाच्या भौतिकी प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यानंतर त्यांनी कॅरोलिन्स्का संस्थेतील किरणोत्सर्ग भौतिकी विभागाची धुरा सांभाळली.

रेडियमचे मापन

त्या काळी रेडियम-उपचाराची मात्रा मिलिग्रॅम-तासांत मोजत. म्हणजे रेडियमचे वजन आणि उपचाराचा वेळ यांचा गुणाकार. हा हिशेब सोपा होता, पण रेडियम गाठीपासून किती दूर आहे हे त्यात येत नसे. मात्रा कमी पडली तर गाठ उरे, जास्त झाली तर निरोगी ऊती जळत. रेडियमच्या नळ्या रोज हाताळणारे डॉक्टर आणि परिचारिकाही या धोक्यातून सुटल्या नव्हत्या.

रेडियमची नळी हा बिंदू नसून रेषा असते. तिच्या प्रत्येक भागाचे रुग्णापासूनचे अंतर वेगळे असते आणि किरणांना धातूचे वेष्टनही कमीअधिक जाडीतून तिरपे पार करावे लागते. हे सारे विचारात घेणारे गणित सिव्हर्ट यांनी १९२१ मध्ये मांडले. ते ‘सिव्हर्ट संकल’ या नावाने ओळखले जाते. प्रत्यक्ष मोजमापासाठी त्यांनी तयार केलेला लहानसा आयनीकरण कक्षही त्यांच्याच नावाने प्रसिद्ध आहे.

अशा मापनांतून प्रत्येक किरणोत्सर्गी द्रव्याचा गॅमा स्थिरांक ठरविता येतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लॅटिनममध्ये बंद केलेले १ मिलिग्रॅम रेडियम १ सेंटिमीटर अंतरावर ताशी ८.२५ राँटजेन मात्रा देते. अंतर दहापट केले की मात्रा शंभरपट घटते. म्हणून १० मिलिग्रॅम रेडियमपासून १० सेंटिमीटरवर ती ताशी ०.८२५ राँटजेन भरते. आज न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये वापरल्या जाणाऱ्या आयोडिन-१३१ साठी हा स्थिरांक १ मिलिक्युरीमागे सुमारे २.२ आहे. आयोडिन घेतलेल्या रुग्णापासून इतरांनी किती अंतर राखावे, याचा हिशेब या आकड्यापासूनच सुरू होतो.

किरणोत्सर्ग संरक्षण

१९२८ मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत राँटजेन हे एकक स्वीकारले गेले आणि क्ष-किरण व रेडियम यांपासून संरक्षणासाठी एक समिती नेमली गेली. सिव्हर्ट या समितीच्या कार्याशी प्रारंभापासून निगडित होते. १९५६ ते १९६२ या काळात ते तिचे अध्यक्ष होते. अणुस्फोट चाचण्यांमुळे जगभर चिंता पसरलेली असताना त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीचेही अध्यक्षपद भूषविले. भारत या समितीचा आरंभापासून सदस्य होता आणि मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर तेथे भारताचे प्रतिनिधी होते.

उत्तरायुष्यात सिव्हर्ट अल्प मात्रेच्या दीर्घकालीन परिणामांकडे वळले. मानवी शरीरातून निघणारे अत्यंत क्षीण गॅमा किरणही त्यांनी मोजले.

१९७९ मध्ये किरणोत्सर्गाचा जैविक परिणाम दर्शविणाऱ्या एककास ‘सिव्हर्ट’ हे नाव मिळाले. हे एकक बरेच मोठे असल्याने व्यवहारात मिलिसिव्हर्ट किंवा मायक्रोसिव्हर्ट वापरतात.