टॅबची कळ आणि जेफ रास्किन

सबमिशनच्या आदल्या रात्री रिपोर्टमधला पोटमुद्दा आत सरकवायला आपण टॅब दाबतो. कधी तो सरकतो, कधी ओळीत नुसतीच मोकळी जागा पडते, तर कधी कर्सर भलत्याच चौकटीत उडी मारतो. मी तर स्वतःलाच बावळट समजायचे. मग जेफ रास्किन यांच्याबद्दल वाचलं आणि कळलं, की चूक माझ्या बोटांची नव्हती!

रास्किन यांचा जन्म १९४३ सालचा, न्यूयॉर्कचा. शिक्षण गणित आणि कॉम्प्युटर सायन्सचे, पण संगीताचीही तितकीच आवड. काही वर्षे विद्यापीठात शिकवून १९७८ मध्ये ते ॲपल कंपनीत आले. साध्या माणसाला सहज वापरता येईल असा स्वस्त कॉम्प्युटर बनवायचा, हे त्यांचे स्वप्न. १९७९ मध्ये त्यांनी त्यावर काम सुरू केले आणि आवडत्या सफरचंदाच्या जातीवरून त्याला नाव दिले मॅकिंटॉश. पण १९८१ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी प्रोजेक्ट ताब्यात घेतला आणि पुढच्याच वर्षी रास्किन बाहेर पडले. १९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला, तेव्हा त्याला जन्म देणारा माणूस कंपनीत नव्हताच!

तरी ते खचले नाहीत. १९८७ मध्ये त्यांचा कॅनन कॅट आला. त्याला माऊस नव्हता. स्पेसबारखालची खास कळ दाबून धरायची, शब्द टाइप करायचा, की कर्सर थेट त्या शब्दावर! मशीन फार टिकलं नाही, विचार मात्र टिकला. २००० मध्ये 'द ह्यूमेन इंटरफेस' या पुस्तकात त्यांनी तो मांडला. हात सवयीने चालतात, म्हणून एकच कळ वेगवेगळ्या वेळी वेगळं वागली की माणूस चुकणारच. उलट, कळ दाबून धरलेली असली की बोटालाच त्याची जाणीव राहते.

हाच नियम आपल्या यादीला लावून बघा. कर्सर मुद्द्यात कुठेही असो, टॅबने मुद्दा आत, शिफ्ट धरून टॅबने बाहेर, आणि त्याचे पोटमुद्दे त्याच्यासोबत. बस्स, एवढंच तर हवंय!

२००५ मध्ये कॅन्सरने रास्किन गेले, वय अवघे ६१. उद्या आपणही सॉफ्टवेअर लिहू. तेव्हा कुणी अडखळलं, तर त्याला हसण्याआधी आपला कोड एकदा तपासूया.