जयंती विशेष : पदवी आणि पदविका यांना जोडणारे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे

सर्जापूर रोड (बंगळूरु), २० ऑगस्ट : चित्रकला कलाशाळेत शिकवावी की विद्यापीठात, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर लगेचच ऐरणीवर आला होता. त्याला प्रत्यक्ष वर्गात उभे राहून उत्तर देणाऱ्या मोजक्या कलावंतांत ज्येष्ठ चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. २१ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस. बंगळूरुच्या सर्जापूर परिसरात आज शिक्षणशास्त्रासाठी ओळखले जाणारे अझीम प्रेमजी विद्यापीठ उभे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला हा शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग मानण्यात आला आहे. कलाशिक्षणाचा विचार विद्यापीठात व्हावा, यात आता कोणालाही वावगे वाटत नाही. १९५० मध्ये मात्र ती बाब इतकी सहज नव्हती.

कर्नाटकात बेंद्रे हे आडनाव उच्चारले की प्रथम आठवतात ते धारवाडचे कन्नड कवी दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. त्यांचीही घरची भाषा मराठी होती. चित्रकार बेंद्रे मात्र माळव्यातले. त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे झाला. होळकरांच्या या राजधानीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली होती आणि संगीत, नाटक, चित्रकला यांना तेथे राजाश्रय होता. दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांच्यासारखा शिक्षक इंदूरच्या संस्थानी कलाशाळेला लाभला, ही या शहराची भाग्याची गोष्ट. विद्यार्थ्यांना चार भिंतींच्या आत केवळ पुतळ्यांवरून रेखाटने करायला न लावता देवळालीकर त्यांना घाटांवर, गल्ल्यांत, उघड्या माळावर चित्रे काढण्याची सवय लावत. बेंद्रे, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर असे एकमेकांपासून भिन्न वाटांनी गेलेले कलावंत या एकाच शाळेतून बाहेर पडले. बेंद्रे यांच्यातील पुढच्या शिक्षकाची बीजे कदाचित येथेच पडली असावीत.

पाच वर्षांनी धाकटे असलेले मकबूल फिदा हुसेन हेही इंदूरचेच. मुलाने चित्रकार व्हावे यासाठी वडिलांचे मन वळवण्याचे श्रेय हुसेन यांनी पुढे बेंद्रे यांना दिले. तेव्हा बेंद्रे स्वतः विशीतले तरुण होते.

चित्रकलेचा अभ्यास सुरू असतानाच बेंद्रे यांनी महाविद्यालयीन शिक्षणही सोडले नाही. इंदूरची महाविद्यालये त्या काळी आग्रा विद्यापीठाशी संलग्न होती. तिशीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी त्या विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवली आणि त्याच सुमारास मुंबईची कलेची शासकीय पदविकाही संपादन केली. हा तपशील चरित्रकोशात एका ओळीत संपतो, परंतु त्या काळाच्या संदर्भात तो महत्त्वाचा आहे. तेव्हा पदवी ही पुस्तकी विद्येची आणि पदविका ही हातच्या कौशल्याची, अशी सरळ वाटणी झालेली होती. १८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेची ख्याती देशभर असली, तरी तेथून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पदविकाच येई. मुंबई विद्यापीठाच्या पदवीशी ही संस्था जोडली गेली ती १९८१ मध्ये. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा देऊन शाळेत चित्रकला शिक्षक होणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या. शिक्षकांच्या खोलीत ‘ड्रॉइंग मास्तर’ला गणिताच्या किंवा इंग्रजीच्या शिक्षकाइतका मान क्वचितच मिळाला. त्याची कारणे अनेक होती, पण कलेला विद्यापीठाचे दार बंद असणे हे त्यांपैकी एक ठळक कारण होते.

१९३४ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात बेंद्रे यांच्या ‘व्हॅगाबाँड’ या चित्राला रौप्यपदक मिळाले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी काश्मीरमध्ये पर्यटकांसाठीच्या सरकारी कार्यालयात चित्रकार म्हणून नोकरी केली. तेथील पाणी, बर्फ आणि पारदर्शक प्रकाश यांनी त्यांच्या निसर्गचित्रांचा रंग पालटला. १९४१ मध्ये त्याच सोसायटीचे सुवर्णपदक त्यांच्याकडे चालत आले. मुंबईत त्यांचे नाव झाले होते, चित्रे विकली जात होती आणि प्रसन्न निसर्गचित्रांचा चित्रकार म्हणून ते सुखाने आयुष्य काढू शकले असते.

ती वाट त्यांनी सोडली. १९४५ मध्ये त्यांचे वास्तव्य शांतिनिकेतनात होते. नंदलाल बसू, रामकिंकर बैज आणि बिनोदबिहारी मुखर्जी यांचे काम आणि त्यांची शिकवण्याची रीत त्यांनी तेथे जवळून पाहिली. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच अंगणात काम करतात, शिक्षकाचे अपुरे चित्रही विद्यार्थ्याला दिसते, हा अनुभव मुंबईच्या परीक्षाकेंद्री पद्धतीहून निराळा होता. १९४७-४८ मध्ये ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी मुद्राचित्रणाचे धडे घेतले आणि १९४८ मध्ये तेथेच स्वतःचे एकल प्रदर्शन भरवले. परतीच्या प्रवासात त्यांनी युरोपातील संग्रहालये पाहिली. तोवर छापील प्रतींवरून परिचित असलेले सेझान आणि पिकासो आता मूळ रंगांत त्यांच्यासमोर होते. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, नाव झालेले असताना, पुन्हा विद्यार्थी होण्याचे धाडस त्यांनी केले, याची नोंद त्यांच्या चरित्रात ठळकपणे व्हायला हवी.

दरम्यान बडोद्यात एक वेगळीच घडामोड सुरू होती. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या या संस्थानाने कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था एकोणिसाव्या शतकातच काढली होती. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके यांनीही तेथे शिक्षण घेतले होते. १९४९ मध्ये महाराजांच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले आणि हंसा मेहता यांनी कुलगुरुपदाची सूत्रे स्वीकारली. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, या विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली. चित्रकला आणि शिल्पकला या विषयांत विद्यापीठाची पदवी आणि पदव्युत्तर पदवी देण्याचा हा देशातील पहिला प्रयोग होता. मार्कंड भट्ट हे पहिले अधिष्ठाता झाले, शिल्पकलेची जबाबदारी शंखो चौधुरी यांनी घेतली आणि चित्रकला विभागाचे प्रमुखपद बेंद्रे यांच्याकडे आले. थोड्याच काळात के. जी. सुब्रमण्यन हेही अध्यापकवर्गात दाखल झाले.

कलावंत घडवण्यासाठी विद्यापीठ कशाला, ही शंका तेव्हा दोन्ही बाजूंनी घेतली जात होती. विद्वानांना रंगाने माखलेले हात प्रबंधाच्या तोडीचे वाटत नव्हते, तर चित्रकारांना वेळापत्रक, उपस्थिती आणि गुणपत्रिका यांत कलेचा जीव घुसमटेल असे भय होते. दुसरी भीती निराधार नव्हती. बडोद्यात या दोहोंवर जो तोडगा निघाला, तो अभ्यासक्रमाच्या रचनेत होता. विद्यार्थ्याने हाताने काम करावेच, पण त्याबरोबर कलेचा इतिहास वाचावा, सौंदर्यशास्त्राशी परिचय करून घ्यावा आणि आपण जे केले त्याविषयी विचारपूर्वक बोलता यावे, अशी ही रचना होती. वृत्तपत्रात परीक्षण लिहिणारा, शाळेत शिकवणारा आणि स्टुडिओत चित्र काढणारा एकाच वर्गात शेजारी बसू लागला.

बेंद्रे यांची शिकवण्याची पद्धत मुख्यतः करून दाखवण्याची होती. व्यक्तिचित्र असो वा निसर्गचित्र, तैलरंग असोत वा जलरंग, ते विद्यार्थ्यांसमोर ब्रश घेऊन उभे राहत आणि चित्र आकाराला येताना त्यांना पाहू देत. हात इतका तयार असलेला शिक्षक असला की विद्यार्थी त्याचीच नक्कल करू लागतात. कलाशाळांच्या इतिहासात अशा नकलांची उदाहरणे कमी नाहीत. बडोद्यात तसे घडले नाही, आणि त्याचे एक कारण शिक्षकाच्या स्वतःच्या कामात सापडते. याच वर्षांत बेंद्रे घनवादाचा, अभिव्यक्तिवादी रंगयोजनेचा, पुढे अमूर्ताचा अभ्यास करत होते. सूर्यफुलांच्या चित्रात आकारांचे तुकडे जुळवणारा हा शिक्षक पुढच्या सत्रात दुसऱ्याच प्रश्नाशी झगडताना दिसे. नक्कल करावी तर कोणत्या बेंद्रे यांची, असा पेच विद्यार्थ्यांपुढे उभा राहत असणार.

निष्पत्ती त्यांच्या विद्यार्थ्यांच्या नावांतच दिसते. ज्योती भट्ट मुद्राचित्रण आणि लोककलांचे छायाचित्रण यांकडे वळले. शांती दवे भित्तिचित्रे आणि अमूर्त चित्रांसाठी ओळखले गेले. काश्मीरहून आलेले गुलाम रसूल संतोष पुढे तंत्रपरंपरेतील प्रतिमांपर्यंत पोहोचले. हकू शाह यांनी आदिवासी आणि ग्रामीण कलेचा ध्यास घेतला, रतन परिमू कलेतिहासाचे अभ्यासक झाले, तर गुलाममोहम्मद शेख चित्रकार, कवी आणि अध्यापक अशा तिन्ही भूमिकांत वावरले. यांपैकी कोणाचेही चित्र दुरून पाहून ते बेंद्रे यांचे आहे असा समज होणार नाही. भट्ट, परिमू आणि शेख यांनी त्याच विद्याशाखेत पुढच्या पिढ्यांना शिकवले. १९५६ मध्ये ‘बडोदा ग्रुप’ या नावाने शिक्षक आणि विद्यार्थी यांची चित्रे एकत्र मांडली गेली. गुरूचे चित्र आणि शिष्याचे चित्र एकाच दालनात, एकाच प्रेक्षकासमोर ठेवण्यात शिक्षकाची कसोटी असते.

१९५५ मध्ये ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनात बेंद्रे यांच्या ‘काटा’ या चित्राला पुरस्कार मिळाला. पायात रुतलेला काटा काढण्याचा साधा, ग्रामीण प्रसंग त्यांनी आधुनिक आकारभाषेत बांधला होता. त्याच वर्षी हुसेन यांच्या ‘जमीन’ या चित्राचाही राष्ट्रीय सन्मान झाला. इंदूरच्या मातीतून आलेल्या दोघांना एकाच वेळी हा मान मिळाला. १९५९ मध्ये बेंद्रे विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले.

या साऱ्याची किंमतही होती. बेंद्रे यांच्यावर समीक्षकांनी एक आक्षेप वारंवार घेतला आहे. प्रत्येक शैलीवर प्रभुत्व मिळवणाऱ्या या चित्रकाराची स्वतःची अशी ठाम मुद्रा उशिरा उमटली, असे त्यांचे म्हणणे. बडोद्याच्या काळातील चित्रे शेजारी शेजारी ठेवली तर आक्षेपात तथ्य आढळते. मात्र सोळा वर्षे रोज नव्या विद्यार्थ्यांच्या नव्या प्रश्नांना सामोरे जाणाऱ्याला एका शैलीत घर करून बसण्याची चैन परवडत नाही, हेही तितकेच खरे. अधिष्ठातापदासोबत बैठका, प्रवेश, परीक्षा आणि नस्त्या आल्या. १९६६ मध्ये बेंद्रे यांनी विद्यापीठाचा राजीनामा दिला. निवृत्तीचे वय होण्यापूर्वीच, पद आणि वेतन सोडून, केवळ चित्र काढण्यासाठी ते बाहेर पडले. विद्यापीठात कला शिकवता येते हे सिद्ध करणाऱ्या माणसाला स्वतःची कला पूर्णत्वास नेण्यासाठी विद्यापीठ सोडावे लागले, ही विसंगती अध्यापक-कलावंतांना आजही चुकलेली नाही.

मुंबईत परतल्यानंतर त्यांची ती बहुचर्चित मुद्रा उमटली. रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवत त्यांनी गावाकडच्या स्त्रिया, माता आणि मुले, गुरेढोरे, झाडांची सावली यांची चित्रे रंगवली. युरोपातील बिंदुवादाशी त्यांचे नाते सांगितले जाते. त्यांतील ऊन मात्र माळव्याचे आणि दख्खनचे आहे. रेषा न ओढता केवळ ठिपक्यांच्या दाटीतून लुगड्याचा घोळ किंवा म्हशीची पाठ उभी करणे हे चार दशकांच्या साधनेनंतरच शक्य झाले.

१९६९ मध्ये पद्मश्री, १९७४ मध्ये ललित कला अकादमीची फेलोशिप आणि पुढे मध्य प्रदेश शासनाचा कालिदास सन्मान, असे गौरव त्यांच्या वाट्याला आले. १९९२ मध्ये पद्मभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी १९ फेब्रुवारी रोजी वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३४ मध्ये चोवीस वर्षांच्या बेंद्रे यांना पदक दिले होते, त्याच संस्थेची तरुण चित्रकारांसाठीची शिष्यवृत्ती त्यांच्या आणि हुसेन यांच्या जोडनावाने ओळखली जाते.