नत्राच्या शोधातील एकांडा तपस्वी

रब्बीच्या पेरणीपूर्वी शिरूर आणि दौंड तालुक्यांत हरभऱ्याच्या बियाण्यास गुळाच्या थंड पाण्यात कालवलेले रायझोबियम चोळून ते सावलीत सुकवले जाते. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅमचे एक पाकीट पुरते. ज्वारीसाठी ॲझोटोबॅक्टर वापरतात. ही पाकिटे खताच्या गोणीसारखी उन्हात टाकून चालत नाहीत, कारण आत जिवंत जीव असतात. या दोन्ही जिवाणूंना प्रथम वेगळे काढणारे शास्त्रज्ञ म्हणजे मार्टिनस बायेरिंक.

१६ मार्च १८५१ रोजी ॲमस्टरडॅम येथे त्यांचा जन्म झाला. तंबाखूचे व्यापारी असलेल्या वडिलांचे दिवाळे निघाले आणि बालपण ओढगस्तीत गेले. नातेवाइकांच्या साह्याने डेल्फ्ट व लायडेन येथे शिक्षण झाल्यावर १८८५ मध्ये ते डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात रुजू झाले. द्विदल पिके मुळांवरील गाठींच्या योगे हवेतील नत्र मिळवतात, हे हेलरीगेल व विलफार्थ या जर्मन संशोधकांनी त्यानंतर लवकरच दाखवले. त्या गाठींतील जिवाणू १८८८ मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आला तो बायेरिंक यांच्या.

१८९५ मध्ये ते डेल्फ्ट येथे प्राध्यापक झाले. त्यांची पद्धत विलक्षण साधी होती. साखरेसारखा मॅनिटॉल आणि क्षार पाण्यात घालायचे, नत्र मात्र मुळीच नाही. त्यात बागेतली चिमूटभर माती टाकायची. ज्यांना हवेतून नत्र घेता येत नाही ते उपाशी राहतात, ज्यांना येतो तेच वाढतात. १९०१ मध्ये ॲझोटोबॅक्टर सापडला तो असा.

त्यापूर्वी, १८९५ मध्येच, डेल्फ्टच्या कालव्यातील चिखलात त्यांना प्राणवायूऐवजी सल्फेटवर जगणारा जिवाणू आढळला होता. कोकणातील खाड्यांच्या काळ्या चिखलाला कुजक्या अंड्यांचा वास येतो, तो त्याच्याच भाईबंदांमुळे. त्यांपैकी अनेक जण किनाऱ्यावरील गाळात नत्रही बांधून ठेवतात, हे कळू लागले ते बायेरिंक यांच्या पश्चात.

स्वभावाने ते अतिशय तापट. विद्यार्थी त्यांना वचकून असत. स्वतः अविवाहित राहिलेच, पण साहाय्यकांनी संसार थाटावा हेही त्यांना रुचत नसे. ज्या तंबाखूने घर बुडवले, त्याच तंबाखूच्या रोगावरून १८९८ मध्ये त्यांनी विषाणूची कल्पना मांडली, हाही दैवाचा खेळच म्हणायचा.

१९२१ मध्ये निवृत्त होऊन ते गोरसेल या खेड्यात बहिणींसमवेत राहू लागले. तेथेच १ जानेवारी १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.